तात्या मेस्त्रींची पेन्सिल

मालवणातल्या कुठल्याही जुन्या घरात जा आणि ओटीवरच्या भिंतीकडे मान वर करून बघा. तिथे टांगलेली सगळी माणसं एकाच कातडीची दिसतील. खलाशी, सावकार, भटजी, बाळंतपणात गेलेली सून, नव्वदी गाठलेली आजी. कुणाच्या गालावर सुरकुती म्हणून नाही, तीळ म्हणून नाही. खाऱ्या वाऱ्यात जन्म काढलेली ही माणसं भिंतीवर चढली की लोण्यासारखी कशी होतात, असं परवा माझ्या भाचीने मला विचारलं. ती पुण्याची. मी तिला म्हटलं, "ह्यांचे आईबाप वेगवेगळे असले तरी कातडी एकाच माणसाने दिलेली आहे. तात्या मेस्त्री त्याचं नाव."

नाव तोंडातून गेलं आणि तोंड कडू झालं. ते अजून कडूच आहे, म्हणून हे लिहिते आहे.

मी मूळची सावंतवाडीची. कन्याशाळेत शिक्षिका म्हणून मालवणला आले तेव्हा बाजारातल्या गल्लीत तात्यांच्या स्टुडिओमागची खोली मला भाड्याने मिळाली. मधे एक कुडाची भिंत होती. तिच्यातून तात्यांचा प्रत्येक शब्द माझ्याकडे यायचा आणि माझ्या चहाचा वास त्यांच्याकडे जायचा. चहाचा वास गेला की मागोमाग तात्याही यायचे. पन्नास सालानंतरची ती वर्षं. साठ उलटून बरीच वर्षं गेली तरी मी त्याच खोलीत होते.

तात्या उंच, पण कायम वाकलेले. उभ्या जन्मात त्यांनी कुणाकडे सरळ उभं राहून बघितलं नसावं. वडिलांनी आयुष्यभर दारं-खिडक्या केल्या. मुलाने त्याच हत्यारांनी कॅमेऱ्याची लाकडी पेटी केली, भिंग तेवढं मुंबईहून आणलं. ह्याबद्दल कुणी कौतुक केलं तर म्हणायचे, "बापाशीन भिताडाक भोकां पाडून माणसां भायर बगतली अशी सोय केल्यान. मी भोकातसून माणसांक बगतंय. धंदो तोच."

स्टुडिओच्या छपराला उत्तरेच्या अंगाने काचेची कौलं होती. त्यांच्याखाली एक रंगवलेला पडदा. पडद्यावर संगमरवरी जिना, कठडा, तळं आणि तळ्यात दोन राजहंस. समुद्र गल्लीच्या टोकाला होता आणि गाजही ऐकू यायची, पण पडद्यावर समुद्राचा थेंब नव्हता. मी एकदा विचारलं तेव्हा तात्या म्हणाले, "बाई, समुद्र लोक रोज बगतत. फुकटची वस्तू फोटोत कोणाक होयी?"

खुंटीवर एक काळा कोट होता. मे महिन्यात नाहीतर चतुर्थीला मुंबईहून आलेला प्रत्येक चाकरमानी तो कोट घालून बसायचा. कुणाच्याही अंगाला बसावा म्हणून तात्यांनी तो पाठीमागून उभा चिरून ठेवला होता. "फुडसून सायब, फाटसून उघडे," गिऱ्हाईक गेलं की ते म्हणायचे. "मुंबैत काय वेगळां आसा?"

आणि एक गंमत म्हणजे, एरवी मालवणीशिवाय तोंड न उघडणारा हा माणूस कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात शिरला की पुस्तकी मराठी बोलायचा. "मान किंचित डावीकडे घ्यावी. श्वास रोखून धरावा. इकडे बघावे." डोकं बाहेर आलं की पुन्हा, "झालां रे, उठ आता, नायतर मुळां फुटतीत." मी भिंतीपलीकडे वह्या तपासत हसत बसायची.

माणसाविषयी त्यांचं मत फार वाईट होतं. "माणसाक आपलो चेहरो कधीच नको आसता, बाई. शेजाऱ्याचो होयो आसता." जिवंत गिऱ्हाइकापेक्षा त्यांना मेलेलं परवडायचं. त्या काळी तशी बोलावणी बरीच यायची. एका घरची म्हातारी गेली. जिवंतपणी तिचा फोटो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. फोटो काढला की आयुष्य कमी होतं ही समजूत एक, आणि म्हातारीला कोण विचारतो ही दुसरी. गेल्यावर मात्र धावाधाव. तिला खुर्चीत टेकवून बसवली आणि तात्यांना बोलावणं धाडलं. अशा फोटोत मिटलेले डोळे नंतर कुंचल्याने उघडे करायचे असत. तात्यांनी केले. आठ दिवसांनी मुलगे फोटो घेऊन परत आले.

"तात्यानू, आई रागान बगता."

"तुमची आवस तशीच बगी."

"वायच हसरी करा मा."

"ती हसात असां तुमी कदी काय केलास?"

मुलगे तसाच फोटो घेऊन गेले. त्या घरच्या सुना पुढे कितीतरी वर्षं त्या भिंतीखालून डोक्यावर पदर घेऊन जायच्या. तात्या मला म्हणाले, "मेलेलो माणूस बरो. हलणा नाय, आणि माका गोरो कर म्हणणा नाय."

गोरं करणं हाच तात्यांचा खरा धंदा होता. काचेवर फोटो उलटा उमटतो, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. ती काच तिरक्या मेजावर उजेडाकडे लावून, टोक सुईसारखं केलेल्या पेन्सिलीने तात्या तिच्यावर बारीक बारीक टिंबं देत बसायचे. काचेवर जिथे पेन्सिल लागेल तिथे कागदावर गोरं उमटतं. मुरमं, वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं त्या टिंबांत बुजून जायचं. आमच्या गावात "पेन्सिल मारा" एवढं म्हटलं की पुरे, पुढचं तात्यांना कळायचं. माझाही एक फोटो त्यांनी काढला होता. त्यात माझ्या नाकाला जे टोक आहे ते मला देवाने दिलेलं नाही.

पेन्सिलीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे लग्नाच्या मुली. मुलगे मुंबईत, मुली इथे. बोटीचा प्रवास करून मुलगी बघायला येण्याएवढी सवड गिरणीतल्या माणसाला कुठली? म्हणून फोटो जायचा. कुणीतरी मुंबईला निघालेला असला की त्याच्या पिशवीत पाच-सहा घरच्या मुली कागदात गुंडाळून बसायच्या. सगळ्या गोऱ्या, सगळ्या गुळगुळीत. लग्न होऊन गेल्यावर खरं उघडं पडायचं, पण तेव्हा बोलून काय उपयोग? दोन महिने धुसफूस, मग संसार. "लग्न लागासर माजी जबाबदारी," तात्या म्हणायचे, "मगे देवाची."

देवाने एकदा ती घेतली नाही. जवळच्या कट्टा गावची एक मुलगी होती. लहानपणी देवी आल्या होत्या, तोंडभर वण. बापाने तात्यांना पेन्सिल मारायला सांगितलं आणि तात्यांनी मारली. मुंबईहून होकार आला, मुलगी घेऊन बाप बोटीने गेला, आणि हळद लागायच्या आधी नवऱ्याच्या आईने तो फोटो मुलीच्या गालाशी धरून चार बायकांना दाखवला. पुढच्या बोटीने बापलेक परत. बाप उतरला तो तडक स्टुडिओत आला आणि आरडाओरडा सुरू झाला. "तुमी माजां वाटोळां केलात!" "तुमीच सांगल्यात, मी केलंय!" भिंतीपलीकडून मला दोघांचेही आवाज ऐकू येत होते. मग दोघंही दमले आणि त्या मुलीचा आवाज आला. तिने काही फार मोठ्याने म्हटलं नाही.

"काका, माका समोर बसवन बगल्यात मा तुमी? मगे ह्यो फोटो कोणाचो काढल्यात?"

त्या दिवशी माझा चहा झाला तरी ते आले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र लग्नाच्या मुलींना पेन्सिल बंद. "आसा तसो काढतलंय. होयो तर बसा, नायतर वाट मोकळी आसा." लोकांना वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. ते खूळ नव्हतं. लग्नाची गिऱ्हाइकं तुटली, एस.टी. स्टँडजवळ नवा स्टुडिओ निघाला, तिकडे विजेचे दिवे आणि पाहिजे तेवढी पेन्सिल. तात्यांच्याकडे उरले चाकरमानी आणि मेलेले. तरी माणूस वाकला नाही, आणि खरं सांगते, त्या वर्षांत मला त्यांचा अभिमान वाटायचा. कुडाच्या भिंतीपलीकडे एक ताठ माणूस राहतो, असं मी सावंतवाडीला जाऊन सांगायची.

मग शालू लग्नाला आली.

शालू ही तात्यांची एकुलती एक मुलगी. माझ्या वर्गात पुढच्या बाकावर बसायची. चार वर्षांची असताना तिलाही देवी आल्या होत्या, आणि रंगाने ती बापासारखी सावळी. पण हसली की वर्गाला हसवायची, आणि गणितात मला चुका दाखवायची. सातवी पास झाल्यावर घरी बसली. काकींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, फोटोचा विषय काढला तेव्हा तात्यांनी शालूला राजहंसांपुढे बसवलं, पुस्तकी मराठीत मान डावीकडे घ्यायला सांगितलं आणि फोटो काढला. पेन्सिल लावली नाही.

तो फोटो घेऊन शालू धावत माझ्याकडे आली होती. "बाई, बगा! बाबांनी माका काय्येक करूक नाय. मी आसंय तशीच आसंय!" मी बघितला. वण होते, सावळेपणा होता, आणि त्याच्यात बसलेली ही हसरी पोर होती. तात्यांनी काढलेला इतका चांगला फोटो मी दुसरा बघितलेला नाही. शालूच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो लग्नाचा नव्हता. अख्ख्या मालवणात आपल्या बापाने आपलं तोंड पुसलं नाही, ह्याचा होता.

फोटोच्या प्रती काढून काकींचे भाऊ धोंडूमामा मुंबईला घेऊन गेले. ते गिरणीत होते आणि लग्नं जुळवण्यात त्यांचा हातखंडा होता. पहिल्या घरून नकार आला. दुसऱ्या घरून आला. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या, उघडल्या, पुन्हा प्रती गेल्या आणि पुन्हा नकारच आले. पुढच्या मे महिन्यात धोंडूमामा स्वतः आले आणि स्टुडिओच्या बाकावर बसून त्यांनी कारण सांगितलं. मी शाळेच्या सुटीमुळे घरातच होते.

"भावोजी, लोक काय म्हणतत म्हायत आसा? तात्या मेस्त्रीची पेन्सिल लागान जर एवढे वण दिसतत, तर खरां चेडू कसां आसतलां!"

"पेन्सिल लावकच नाय म्हणान सांगलंस मा?"

"सांगलंय तर! तेंका हसूक इलां. म्हणाले, जगाची चेडवां गोरी करणारो सोताच्या चेडवाक तसांच सोडतलो?"

मग तात्यांचा आवाज आला, "येवन बगा म्हणान सांग तेंका."

"बोटीत ओकत कोण येतलो, भावोजी? फोटोंची रास पडली हा तेंच्याकडे."

आता सांगा, ह्यावर काय बोलायचं? वीस वर्षं ह्या माणसाने सगळ्या मुलखाला खोटे फोटो बघायची सवय लावली. सवय अशी लागली की खरा फोटो समोर ठेवला तरी लोक त्याच्यातून खोटं वजा करून बघायला लागले. आणि वजाबाकी झाली ती त्याच्याच पोरीची. मला तात्यांची दया यायला पाहिजे होती, पण मला सगळ्यांचाच संताप आला. मुंबईवाल्यांचा, धोंडूमामांचा, आणि त्या पेन्सिलीचा तर सगळ्यात जास्त.

घरात काकींनी बोलणं टाकलं. बोलल्या तर एकच वाक्य, "तुमचां खरां तुमी उशाक घेवन निजा. माजां चेडू घरात रवलां." तात्या चहाला यायचे आणि चहा निवेपर्यंत कपाकडे बघत बसायचे. एकदा मी म्हटलं, "तात्यानू, शालूक इचारा तरी तिका काय होया तां."

"चेडवांक इचारून लग्नां झाली आसती, बाई, तर माजो स्टुडिओच चललो नसतो."

शालू शिरोड्याला मावशीकडे गेली होती तेव्हाची गोष्ट. दुपारच्या वेळी मला भिंतीपलीकडून पेन्सिलीची करकर ऐकू आली. मेजावर बसले की तात्या गिऱ्हाइकाला शिव्या घालत काम करायचे, ती त्यांची सवय होती. त्या दिवशी शिव्या नव्हत्या. नुसती करकर, दिवेलागणीपर्यंत. मी उठून गेले नाही. जाऊन काय सांगणार होते? मुलगी त्यांची, काच त्यांची.

पहिल्याच बोटीने होकार आला. नवरा मुलगा परळला राहणारा, कारखान्यात फिटर, माणसं सुखवस्तू. त्यांनी लग्न मालवणलाच करायचं कबूल केलं आणि आधी सुपारी फोडायला चारजण आले. काकींनी मलाही बोलावलं होतं. शालू पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली तेव्हा मुलाच्या काकांनी खिशातून फोटो काढला, एकदा फोटोकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि मोकळेपणाने हसले.

"मालवणचा फोटो म्हणजे निम्मं पाणी धरूनच चालायचं. त्या मानाने मुलगी चांगलीच आहे की!"

सगळे हसले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, माणसं खरोखरच चांगली होती. आणि तात्याही हसले. त्यांचं ते हसणं मी बघितलं. मला ते आजतागायत सहन झालेलं नाही.

शालूने फोटो तेव्हाच पहिल्यांदा बघितला. तिने बश्या ठेवल्या, वाकून सगळ्यांना नमस्कार केला, आणि पाहुणे गेल्यावर मागे राहिलेला तो फोटो उचलून बापापुढे धरला.

"बाबा, हिचां लगीन ठरलां मा? मगे हिकाच मांडवात बसवा."

"शालू, तुज्यासाठीच केलंय गो."

"म्हायत आसा," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या संध्याकाळी ती माझ्या खोलीत येऊन बसली. रडली नाही. मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले तेव्हा तिने मला थांबवलं. "बाई, सगळ्यांनी माका नाय म्हटल्यानी, तेचां माका काय वाटाक नाय. लोकच ते. पण बाबानीय नाय म्हटल्यान." मी इतकी वर्षं मुलींना व्याकरण शिकवलं, निबंध शिकवले. ह्याच्यावर मी उठून चहाचं आधण ठेवलं.

लग्न नीट झालं. सासरची मंडळी तिला घेऊन निघाली तेव्हा आम्ही सगळे किनाऱ्यावर होतो. बोट बाहेर नांगरलेली असायची, तिथपर्यंत होडीतून जावं लागे. शालू आईच्या गळ्यात पडली, माझ्या पाया पडली, तात्यांच्याही पडली. पण मान वर केली नाही. होडी पाण्यात ढकलली तरी तात्या गुडघाभर पाण्यात उभे होते. हजारो माणसांना "इकडे बघावे" म्हणणाऱ्या माणसाला पोटच्या मुलीला तेवढं म्हणता आलं नाही.

ती परत आली नाही. पहिल्या चतुर्थीला नवऱ्याला रजा नव्हती. दुसऱ्या वर्षी बाळंतपण, तेही तिने तिकडेच केलं. नंतर पोराला बरं नव्हतं. काकी दोनदा मुंबईला जाऊन आल्या. सुखात आहे म्हणाल्या, नवरा चांगला आहे, मुलगा आजोबांसारखा उंच होणार. तात्यांनी मान डोलावली. तुम्हीही जाऊन या, असं मी म्हटलं. "बोलवल्यान काय तिना?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि काकी चुलीकडे वळल्या.

त्यानंतर तात्यांनी जे केलं ते मला सगळ्यात लागलं. स्टँडजवळच्या नव्या स्टुडिओवाल्याला फोटो काढता यायचे, पण काचेवर हात चालायचा नाही. तात्यांनी त्याचं काम धरलं. त्याच्या काचा पिशवीतून यायच्या आणि तात्या सकाळपासून त्यांच्यावर पेन्सिल चालवत बसायचे. लग्नाच्या मुली, बायका, बाप्ये, म्हातारे, अगदी तान्ह्या पोरांनाही गोरं करायचे. मी म्हटलं, "तात्यानू, पोराच्या गालार काय पुसतात?" तर म्हणाले, "आवशीक होया आसा. माजां काय जाता?" ताठपणा गेला की माणसाचं काय उरतं ते मी कुडाच्या भिंतीआडून रोज ऐकत होते. शिव्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. फक्त आता त्या कुणाला असतात ते कळायचं नाही.

मग डोळे गेले. आधी एकात मोतीबिंदू, मग दोन्हीत. मिरजेला नेऊन काढून आणू असं धोंडूमामा म्हणाले, काकींनी हातापाया पडून सांगितलं. "बगूक काय रवलां हा?" म्हणून ते उठलेच नाहीत. स्टुडिओला कुलूप लागलं. तात्या दिवसभर घराच्या ओटीवर भिंतीला टेकून बसायचे आणि पावलांवरून माणसं ओळखायचे.

साठाचं दशक संपत आलं तेव्हा माझी बदली झाली. सामान बांधून झाल्यावर मी निरोप घ्यायला गेले. काकी देवळात गेल्या होत्या. तात्यांच्या डोक्यावर भिंतीला शालूचा फोटो होता. तोच, पेन्सिलीचा. खऱ्या फोटोची काच पेन्सिलीखाली गेली होती, प्रती मुंबईला गेल्या त्या कुणी परत केल्या नव्हत्या, आणि जी एक तिच्याजवळ होती ती ती बरोबर घेऊन गेली होती.

"बाई मा? बसा. चाय नाय, ही घरात नाय."

मी बसले. बदलीचं सांगितलं, खोली कुणाला दिली ते सांगितलं. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. मधेच मान माझ्याकडे वळवून म्हणाले, "बाई, तुमी सात वर्षां तिका समोर बसवन शिकवल्यात. कपाळार वण होते मा तिच्या? की गालारच होते?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"कपाळारय होते, तात्यानू."

"सारखो इचार करतंय. डोळे मिटले की हीच समोर येता, भिताडावयली. ती येणाच नाय." त्यांनी हात उचलला आणि चाचपडत स्वतःच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधे बोट टेकवलं. "हंय?"

सांगण्यासाठी म्हणून मी वर फोटोकडे बघितलं. तिथे नुसतं गोरं, गुळगुळीत कपाळ होतं.

"वायच वयर," मी अंदाजाने म्हटलं.